दावीदाचं वचन आणि आमचा शलमोन

२० डिसेंबर १९९८, रविवार

हे उठून गेले! भर चर्चमधून, पहिल्या बाकावरून, पोटचा पोरगा उपदेश करत असताना उठून गेले.

नाताळाआधीच्या शेवटच्या रविवारी बायबलातलं, दावीद राजाला मिळालेलं वचन आमच्याच घरातला माणूस वाचतो. आधी सासरे वाचायचे, आता हे. देव दावीदाला सांगतो — तुझ्यामागं तुझा मुलगा गादीवर बसेल, आणि ती गादी कायमची राहील. तो मुलगा म्हणजे येशू, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. यांनी मात्र त्यातलं थोडं स्वतःसाठीही काढून घेतलं. पोरगा झाला तेव्हा दावीदाच्या मुलाचंच नाव ठेवलं, शलमोन. तो पाळक होणार हेही पाळण्यातच ठरवून टाकलं.

आज वाचून हे बसले आणि नवा पाळक झालेला आमचा शलमोन उभा राहिला. म्हणाला, "हे वचन आधी त्या राजाच्या घराण्यासाठी होतं. पुढं शत्रूनं शहर जाळलं, राजाला बेड्या घालून नेलं. गादी गेली. वचन तेवढं लोकांच्या हातात राहिलं. मग ते येणाऱ्या राजाची वाट बघत बसले. त्या वाट बघण्यातच आपल्याला येशू दिसला."

मला तर आवडलं. घरी हे म्हणाले, "येशूचं वचन काढून त्या मेलेल्या राजाला दिलं! पोरगं न्हाई माझं ते."

२५ डिसेंबर

नाताळ. करंज्या केल्या. बापलेक एका पंगतीत जेवून उठले, एकमेकांशी बोलले नाहीत.

११ एप्रिल १९९९

शलमोन आजऱ्याच्या चर्चच्या मंडळीत पाळक म्हणून रुजू व्हायला गेला. निघताना वाकून सलाम केला. यांनी पेपर वर धरला!

३ ऑगस्ट

शलमोनला कावीळ. अंगावर काढली कार्ट्यानं. डोळे हळदीसारखे झालेत. इथल्या दवाखान्यात आणलंय. हे फाटकापर्यंत आले, डबा माझ्या हातात दिला. "तू जा वर. आधी चुकलो म्हणू दे त्याला." शास्त्रातला तो मिसरचा राजा फारोसुद्धा एवढा हेकट नसेल.

शलमोननं विचारलं, "अप्पा आलं न्हाईत?" मी म्हटलं, गाडी लावतायत. आमच्याकडे कुठली गाडी? बसनं आलो होतो. तो नुसता हसला.

७ ऑगस्ट

गेला. माझा शलमोन गेला.

९ ऑगस्ट

काल माती दिली. सगळ्यांनी मूठ मूठ टाकली. यांनी टाकलीच नाही. मूठ तशीच मिटून घरी आले. मी यांची बोटं उघडून हात धुतले. चिडायचं होतं, फार चिडायचं होतं यांच्यावर. जमलं नाही.

५ डिसेंबर

हे चर्चला येत नाहीत. फौंड्रीत कामाला होते तेव्हापासून दर नाताळाला वेळूच्या कामट्यांचा तारा करून दारात लावायचे. यंदा नाही. शेजारच्या चिमणाबाई विचारून गेल्या, "चांदणी न्हाई व्हय लावली औंदा?"

१२ डिसेंबर

आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. वचन कोण वाचणार म्हणून विचारलं. हे म्हणाले, "द्या कुणालाबी. तुझा मुलगा, तुझा मुलगा… माझ्या तोंडातनं ते यायचं न्हाई आता." आणि भिंतीकडे तोंड करून रडले. दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहिल्यापासून पहिल्यांदा.

मी म्हटलं, मी वाचते. पाळकसाहेब घुटमळले — बाईनं ते कधी वाचलेलं नाही. "घरातलंच माणूस लागतं ना? मग मी काय पावणी हाय?"

१९ डिसेंबर १९९९, रविवार

वाचलं. 'तुझा मुलगा'पाशी आवाज फाटला. तरी पुढं गेले. मान वर केली तर हे पहिल्या बाकावर! कधी आले कळलं नाही. शेवटच्या आशीर्वादापर्यंत उठले नाहीत.

बाहेर पायताण घालायला वाकले ते वाकलेलेच राहिले. म्हणाले, "अगं, माझं पोरगं बरोबर सांगत हुतं. गादी गेली तरी त्या लोकांनी वचन टाकलं न्हाई. टाकवतच न्हाई गं."

घरी आल्यावर कोयता मागितला. आता दारात कामट्या काढत बसलेत.