फाटकापाशी थांबलेलं माहेर

पाळकसाहेब,

तुमच्या गुडघ्यांचा कट्ट असा आवाज मला अजून ऐकू येतो. सौंसरच्या मिशन शाळेत, तिसरीच्या वर्गात, टाटपट्टीवर मांडी घालून बसताना तो व्हायचा आणि तीस पोरं एकदम खुदकन हसायची. मीही फळ्याकडे तोंड करून हसून घ्यायचो. त्रेचाळीस वर्षांचे, दूर दक्षिणेतून आलेले, आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, आणि मांडीवर पाटी घेऊन आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसलेले! तुम्हाला येऊन तेव्हा महिनाच झाला होता. पुस्तकातून शिकलेल्या मराठीत तुम्ही चार रविवार उपदेश केलात. चौथ्या रविवारी मिशनच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "आवाज मोठा गोड हाय बाप्पा साहेबाचा. पण बोलून काय राहिले होते?" ते तुमच्या कानावर पडलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला तुम्ही माझ्या वर्गाच्या दारात चपला काढून उभे. "गुरुजी, मला तिसरीत घ्या." मला वाटलं, थट्टा चालली आहे. तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खिडकीजवळची जागा दाखवली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, कवितेनं झपाटलेला मास्तर. गणिताचा तास खाऊन कविता शिकवायचो, तीही चाल लावून, टाळीवर. मुलांना शब्द कळण्याआधी चाल पाठ व्हायची, तुमचं उलटं. तुम्ही एकेका शब्दापाशी अडून बसायचात. एकदा 'आळं' हा शब्द तुम्हाला काही केल्या कळेना, तर मधल्या सुट्टीत सगळा वर्ग तुम्हाला ओढत शेजारच्या संत्र्याच्या बागेत घेऊन गेला. तिथे झाडाच्या बुडाशी बसून तुम्ही ओल्या मातीच्या त्या गोल काठावरून बोट फिरवत होता, अंगठी चाचपावी तसं. आणि एके दिवशी पाठांतर आलं नाही, तेव्हा पहिल्या रांगेतली चिमुरडी उठून म्हणाली, "गुरुजी, पाळकसाहेबाले बी उभं करा. त्याइनं बी पाठ केलं नाही!" मी काही बोलायच्या आत तुम्ही कान धरून उभे होता. साहेब, तेव्हा मला गंमत वाटली होती. आज त्या आठवणीनं अंगावर काटा येतो. एवढं लहान होता येणं किती मोठ्या माणसाचं काम असतं, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

मग तो दिवस. आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची बायको तापानं गेली. ती तिगावकडच्या शेतकरी घरातली. आमच्यात लग्न केलं म्हणून माहेरानं तिचं नाव टाकलं होतं. अठरा वर्षांत कुणी उंबऱ्याशी आलं नव्हतं. अंगणात शवपेटी ठेवलेली, माणसं जमलेली, आणि मंडळीतला तरुण पंच म्हणून मी आवाराच्या फाटकात उभा. तेवढ्यात तिचा भाऊ येतो. धुळीनं भरलेले पाय, डोक्यावर पांढरी टोपी, काखेत कापडाची गुंडाळी. त्याच्या घरच्या बायका रस्त्यापलीकडे लिंबाखाली थांबलेल्या.

"कुठं चालले?" मी विचारतो.

"बहिणीले लुगडं आणलं, मास्तर. माहेरचं हाय."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या अंगावर शेवटचं हिरवं लुगडं माहेरचं पडतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? याच मातीत वाढलो होतो मी. तरी म्हणालो, "आमच्यात हे चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? मेलेल्या बाईले बी माहेर नसते काय तुमच्यात?"

मी फाटकाची कडी घातली. आतून घातली, साहेब, त्याच्या तोंडावर.

तुम्ही अंगणातून चालत आलात. माझ्याकडे पाहिलंदेखील नाहीत. कडी काढलीत आणि त्यालाच विचारलंत, "दादा, हे काय आहे? मला माहीत नाही. मला सांगा." पाळक असून, सगळ्या मंडळीदेखत, मला माहीत नाही! तो आधी गोंधळला. मग सांगत गेला. लुगड्याचं सांगता सांगता बहिणीचं सांगायला लागला: ती लहान असताना तिला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा, तिनं लग्न केलं तेव्हा बापाच्या भीतीनं गप्प राहिला, आणि मग गप्प राहायची सवयच लागली. "आता हे तरी नेसवू द्या, साहेब. एवढंच राह्यलं माह्या हातात." तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, तिच्या नवऱ्याजवळ जाऊन हलक्यानं विचारलंत, त्यानं डोळे पुसत होकाराची मान हलवली. मग माझ्याकडे वळलात. "गुरुजी, तुम्ही थांबवलंत. आता तुम्हीच हात धरून आत आणा."

मी त्याचा हात धरला. नांगराच्या मुठीनं घट्टे पडलेला तो हात न सोडता त्याला पेटीपाशी आणलं. लुगड्याची घडी मोडली, हिरवा रंग पेटीभर पसरला. तुम्ही लिंबाखालच्या बायकांनाही खुणेनं आत बोलावलंत आणि प्रार्थना सुरू केलीत. ती पुस्तकातली नव्हती. माझ्याच वर्गात टाळीवर शिकलेल्या ओवीच्या चालीवर, तुमच्या त्या परक्या उच्चारांत तुम्ही म्हणालात, "सासर झालं, माहेर झालं, तिसऱ्या घराला निघाली लेक, देवा, दारात उभा राहा." बायकांचा हुंदका फुटला. आमच्या आणि त्यांच्या, कुणाचा कुठला ते ओळखता येईना. मी इतक्या कविता शिकवल्या, पण कविता म्हणजे काय ते त्या अंगणात पाहिलं.

संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी थापत होता; नेहमीसारखी ती कडेला फाटत होती. मी माफी मागायला आलो होतो, पण तोंडातून वाद निघाला. "साहेब, ते आपल्यातलं नाही."

"तुम्ही मला वर्षभर मराठी शिकवता, गुरुजी. शब्द शिकवलेत, चाली शिकवल्यात. हे का नाही शिकवलंत?"

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"तुमच्या आजीला माहेर नव्हतं?"

आमच्या घरात ख्रिस्ताचं नाव पहिल्यांदा आजीनं घेतलं. तिच्या मातीला माहेरचं कुणी आलं नव्हतं, आणि जाईस्तोवर ती दाराकडे पाहत होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही भाकरी उलटलीत आणि पुन्हा विषय काढला नाहीत. याहून मोठा ओरडा मला आयुष्यात मिळाला नाही.

आता मी पांढुर्ण्यात मुलाकडे असतो. तुमच्या दूरच्या गावी तुमच्यावर गवत उगवून किती वर्षं झाली! हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तरी लिहून राहिलो. त्याचं कारण असं, की तरुण पाळकांच्या शिबिरात मला दरवर्षी बोलावतात. पुढाऱ्यानं लोकांची रीत कशी जाणून घ्यावी, यावर बोला म्हणतात. मी तुमची गोष्ट सांगतो. पोरं भारावून जातात. पण फाटकापाशी आलो की म्हणतो, "तिथे कुणी एक जण उभा होता." इतकी वर्षं 'कुणी एक जण.' तो भाऊ तिगावलाच असेल. पांढुर्ण्याहून तिगाव ते किती? जावं, त्याच्यापुढे बसून 'चुकलो' म्हणावं, असं दर हिवाळ्यात ठरवतो आणि संत्र्याचा बहार संपतो.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. पन्नाशीची एक बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी कधी पाहिलेली नाही.

"मिशनच्या शाळेतले मास्तर तुम्हीच काय जी?"

"हो. या, बसा. कुठून आलात?"

"तिगावहून." ती त्या भावाची सून निघाली. "मामाजी गेले ना आमचे. दोन साल झाले." ती सांगतच होती. "पोरगी नागपूरले नोकरी करते. तुमच्यातला पोरगा पसंत केला तिनं. घरात रोज भांडण होऊन राहिलं. तिचा बाप म्हणते, तिकडं दिली का माहेर तुटलं. पण मामाजी नेहमी सांगत, बहिणीच्या मातीले गेलो तं मिशनच्या मास्तरनं हाताले धरून आत नेलं, लय भला माणूस. म्हणून तुमाले इचाराले आली. खरं सांगा जी, तुमच्यात माहेरच्या माणसाले येऊ देते ना?"

ती पडवीत बसली आहे. पाणी आणतो म्हणून मी आत आलो, तांब्या भरून ठेवला, आणि उभ्यानं हे लिहितो आहे. कडी मीच घातली होती, हे तिला अजून सांगितलेलं नाही.