आधी चष्मा काढायचा

प्रिय केझाया,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या घरातून जायचं ते गेल्या वर्षी जाऊन झालं. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पलीकडचं माणूस गप्प झालं की मला वाटतं लाइन तुटली, आणि मी ठेवून देते. परवा तुझ्याशी तेच झालं. म्हणून लिहायला बसले. टोमॅटो पेट्यांत भरायच्या शेडवर हात कमी पडत होते म्हणून मला शाळेतून काढलं, तेव्हा अक्षर असं आहे. चुका काढत बसू नकोस. तू कॉलेज शिकलीस, पण आजी मी आहे.

तू सांगितलंस की कामावर पोचतेस, गाडी उभी करतेस आणि मग दार उघडून उतरवत नाही. रडू येत नाही, राग येत नाही, काहीच येत नाही. नुसती स्टिअरिंग धरून बसतेस. डॉक्टरणीने गोळ्या दिल्या, एका बोलण्याच्या बाईकडे पाठवलं, तिथे दोनदा गेलीस आणि सोडलंस. का तर आजीला कळलं तर काय म्हणेल, आपल्या घरात असली थेरं कुणी केली नाहीत. मग तू विचारलंस, आजी, तू कसं सहन करतेस? मी म्हटलं, प्रार्थना कर. तू गप्प झालीस. मी फोन ठेवला. आता खरं उत्तर लिहिते. मी सहन करत नाही. सहन करायला आधी दुखावं लागतं.

तुझ्या आईच्या, माझ्या लेकीच्या, व्हर्निटाच्या जाण्यानंतर लोक मला भेटायला आले ते सगळे एकच वाक्य घेऊन आले. आयडेला, तू किती खंबीर आहेस. केक भाजून आणले, कोंबड्या तळून आणल्या आणि प्रत्येक भांड्याबरोबर हे वाक्य. आपल्या काळ्या बायकांना ते बारशालाच देत असावेत. मी ज्या गोऱ्या बाईकडे स्वयंपाक करायचे, तिचं मांजर मेलं तेव्हा ती आठवडाभर अंथरुणात होती आणि दिवसातून दोनदा डॉक्टर यायचा. माझ्या आईने दोन मुलं पुरली आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाईच्या आईचे कपडे धुवायला गेली. व्हर्निटा छातीत कळा येतात म्हणून हॉस्पिटलात गेली, तर तिला म्हणाले, तुम्ही धडधाकट दिसता, ताण असेल, घरी जा. ती घरी आली. पुढचं तुला माहीत आहे. खंबीर दिसण्याने आपल्याला काय काय मिळालं याचा हिशेब कुणी देवाकडे मागत नाही, मीही मागितला नाही. तेव्हा माझं त्याच्याशी बोलणं नव्हतं. चर्चला जात होते, गात होते, पण जेवणाच्या टेबलाशी भांडलेले नवराबायको बसतात ना, तसे आम्ही दोघं.

आता हाताचं सांगते. आपली चर्चमधली मोझेल तुला मीठमसाला लावून सांगायच्या आधी मीच सांगितलेलं बरं. मागच्या महिन्यात मक्याचा ब्रेड भाजत होते, आपल्या बिडाच्या तव्यात. ओव्हन उघडलं, तव्याचा दांडा उघड्या हाताने धरला, बाहेर काढला, टेबलावर ठेवला. मग वास आला. मला वाटलं तव्याला डुकराची चरबी लागून जळतेय. मोझेल तिचं भांडं परत न्यायला आली होती, ती किंचाळली म्हणून मी हाताकडे बघितलं. कातडी निघाली होती. मी म्हटलं, ओरडतेस काय, ब्रेड चांगला झालाय. ती म्हणाली, आयडेला, तू बाई आहेस का भिंत? मग नळाखाली माझा हात धरून म्हणाली, भिंतीचेसुद्धा पोपडे निघतात गं, आणि स्वतःच रडायला लागली. माझ्या हातासाठी ती रडत होती आणि मी तिला डोळे टिपायला फडकं शोधत होते.

दवाखान्यात म्हणाले साखरेच्या आजारामुळे हाताच्या नसा मेल्यात का बघू. बघितलं. नसा जिवंत निघाल्या.

मग मोझेलने मला पास्टरच्या सुनेकडे ओढत नेलं. जोनेल तिचं नाव. चर्चच्या तळघरात ती बायकांना गोल बसवते, चटया टाकून. मी खुर्ची मागून घेतली. जमिनीवर बसले तर उठवायला अग्निशमनवाले लागतील. कसलंतरी जांभळ्या फुलांचं तेल लावून म्हणते, डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या. मी म्हटलं, बाळ, तुझी आई जन्मायच्या आधीपासून मी लक्ष न देता श्वास घेतेय, अजून चुकला नाही. ती हसली, रागावली नाही. तेव्हा मला पोरगी जरा बरी वाटली. मग तिने एकेकीला विचारलं, तुमचं दुःख शरीरात कुठे राहतं? मोझेल म्हणाली, गुडघ्यात, आणि डॉक्टर त्याला संधिवात म्हणतो. सगळ्या खिदळल्या. शाळेची बस चालवायची ती पर्नेला, एवढी धिप्पाड बाई, ती म्हणाली, जबड्यात. वीस वर्षं दात दाबून गाडी चालवली, आता झोपेतसुद्धा चावते. मग कुणी हसलं नाही. माझी पाळी आली. मी म्हटलं, कुठेच नाही. थोड्या वेळाने त्या तेलाचा वास जवळ आला, तेव्हा मला कळलं की जोनेलने माझ्या पाठीवर हात ठेवलाय. हात कळला नाही. वास कळला.

तू लहानपणी माझ्यामागे उभी राहून सगळं शिकलीस, तरी आज परत लिहिते. चर्चमध्ये बाईला पवित्र आत्म्याचा संचार झाला, ती उठली, ओरडली, कोसळायला लागली, की आम्ही पांढऱ्या कपड्यातल्या नर्सा मागे उभ्या राहतो. आम्ही औषधाच्या नर्सा नाही. आमच्याकडे काय असतं? पांढरे हातमोजे, पुठ्ठ्याचा पंखा, गुडघ्यांवर टाकायचं फडकं आणि खिशात पेपरमिंट. आधी चष्मा काढायचा, म्हणजे काच डोळ्यात जात नाही. मग टोपीची पिन. मग मागून दोन्ही हात घालून धरायचं, पण आवळायचं नाही. ती पडत असेल तर पडू द्यायचं, आपटू द्यायचं नाही. पाय उघडे पडले तर फडकं टाकायचं. आणि तोंडातून गप्प, उगी, हे शब्द काढायचे नाहीत. आठवडाभर दुसऱ्यांच्या घरी गप्प राहून ती बाई इथे आलेली असते. गप्प केलेलं रडं घराची वाट विसरतं, असं मला शिकवणारी म्हातारी सांगायची. मी आपल्या बेटावरच्या अर्ध्या बायकांचे चष्मे काढलेत. ही आपली जुनी रीत आहे. तुझ्या त्या बोलण्याच्या बाईची खोलीही तीच रीत असेल, फक्त तिथे गाणं नाही आणि टिश्यूचा डबा आहे.

आणि व्हर्निटाला पोचवायच्या दिवशी मी काय घातलं होतं? लोक पहिल्या बाकावर माझी जागा ठेवून बसले होते. मी आले ती पांढरा गणवेश, पांढरे मोजे, हातमोजे घालून. पास्टर म्हणाले, आज तरी बसा. मी म्हटलं, आज गर्दी आहे, हात लागतील. मी तुझ्या मागे उभी राहिले. चर्चच्या गायकांनी तिचं आवडतं गाणं उचललं तशी तू उठलीस. तुझं तोंड उघडलं होतं, पोरी. आवाज यायचाच होता. तेवढ्यात तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस. मी चष्म्यासाठी हात पुढे केला होता, जसा कुणासाठीही करते. तू तो हातमोजा बघितलास, माझं तोंड बघितलंस, आणि तोंड मिटून खाली बसलीस. स्कर्ट नीट केलास. शेजारची कुणीतरी म्हणाली, बघा, आजीवर गेलीय. तिला वाटलं ती तुझं कौतुक करतेय.

मागच्या रविवारी एक नवी पोर उठली. कोण, कुणाची, माहीत नाही. अंगावर दुकानात काम करणाऱ्यांचा शर्ट होता, तशीच ड्युटीवरून आली असावी. हातमोजा चढवताना माझ्या भाजल्यावरची पट्टी सरकली होती. मी तिचा चष्मा काढला, मागून धरलं. तिने माझा भाजलेला हात पकडला आणि दाबला. केझाया, दुखलं. खांद्यापर्यंत कळ गेली, डोळ्यांपुढे पांढरं झालं. हात सोडवून घ्यायचा होता, पण मी तिला म्हटलं, दाब. ती रडत होती आणि मी तिच्या कानाशी म्हणत होते, दाब, अजून दाब. मोझेलला वाटलं मला संचार झाला. संचार वगैरे काही नव्हता. हात दुखत होता, एवढंच. घरी येऊन मी हातमोजा काढला, खुर्चीवर बसले आणि तो दुखायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मग थांबला, आणि परत पहिल्यासारखं झालं.

तर एवढ्यासाठी लिहितेय. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी व्हर्निटाच्या नावाने उपासना आहे. मी मोझेलला सांगून टाकलंय की त्या दिवशी मी गणवेश घालणार नाही. पहिल्या बाकावर बसणार आहे, तुझ्या आईने आणलेली ती भडक जांभळी टोपी घालून. काही येईल का, मला माहीत नाही. नाही आलं तर घरी येऊन मासे तळू, पाहुण्यांची निंदा करू. पण आलं, तर माझ्या मागे कुणीतरी पाहिजे. मोझेलचे हात थरथरतात, आणि नव्या पोरी पंखा हलवताना फोन बघतात. तू त्या दिवशी बसलीस ते मला बघून. आता मी बसते, तू मागे ये. तुला भरून आलं तर तुझ्या मागे पर्नेला उभी राहील, मी विचारून ठेवलंय. बस आवरणारी बाई आहे, तुला पडू देणार नाही. तोवर त्या बोलण्याच्या बाईकडे परत जा, आणि तिला सांग आजीने पाठवलंय. पाकिटात माझे हातमोजे घातलेत. डाव्याला मलमाचा डाग राहिलाय, दोनदा उकळले तरी गेला नाही. तुझे हात माझ्यापेक्षा बारीक आहेत, जरा सैल होतील. रीत तुला माहीत आहे. आधी चष्मा काढायचा. आणि मला गप्प म्हणायचं नाही.

तुझीच, अजून उभी असलेली,
आयडेला आजी