पाहुण्यांचं जेवण

सोमवार

वाच, दादा, वाच! माझी रोजनिशी चोरून वाचायची तुझी खोड काही जायची नाही, ही वहीही कधीतरी ढापशीलच. तू म्हणाला होतास ना, आठवड्यात शेपूट घालून परत येशील? तर ऐक. चष्म्याच्या दुकानातली नोकरी पक्की झाली आणि खोलीही मिळाली. आता जीव गेला तरी परत येत नाही.

खोली झकास आहे. घरमालक काका-काकू दोघंच असतात. मधल्या भिंतीत खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी बसवलीय, तिची एक बाजू त्यांच्या हॉलमध्ये, दुसरी माझ्या खोलीत. झाकण माझ्या बाजूने उघडतं, म्हणून सकाळी चिमूटभर खाद्य टाकायचं काम माझ्याकडे. आत एकुलता एक मासा आहे, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, गाल फुगवून सतत रुसल्यासारखा. मी त्याचं नाव ‘जावईबापू’ ठेवलं. मागे समुद्रातून आणलेला मोठा दगड, नुसती भोकं भोकं. काका म्हणाले, याला जिवंत दगड म्हणतात, भोकांत राहणारे बारीकसारीक जीव पाणी स्वच्छ ठेवतात.

आत्ताच हॉलमधून काकूंचा आवाज आला, पाहुण्यांचं जेवण झालं का म्हणून. भाडेकरूला पाहुणे म्हणतात, बघ! किती गोड माणसं. बोलावलं मात्र कुणीच नाही. विसरले असतील. मी बिस्किटं खाल्ली.

बुधवार

जावईबापू गायब.

उडी मारली म्हणावं तर झाकण मीच घट्ट लावलं होतं. तरी पलंग सरकवला, कपाटामागे झाडू घातला. धूळ आणि माझीच हरवलेली पिन मिळाली. पंपाची जाळी उघडून बघितली, त्यात शेवाळ. मेला असता तर तरंगला असता, निदान काटा तरी उरला असता.

काकूंना जाऊन सांगितलं. वाटलं, आता बोऱ्याबिस्तरा गुंडाळा. आणि मग तुझं तोंड बघा. पण काकू म्हणाल्या, असू दे गं, व्हायचंच ते.

व्हायचंच म्हणजे काय? कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार

मुरतंय नाही, सांडतंय. टाकीखालून फरशीवर एक पांढरा ओघळ सुकलाय, थेट माझ्या पलंगापर्यंत. बोट लावून चाखला. मीठ.

म्हणजे मी दुकानात असताना ओल्या हातांनी कुणीतरी खोलीत येतं. दुसरी किल्ली काकांकडेच आहे. मासाही त्यांनीच काढला असणार, पण कशाला?

संध्याकाळी बघते तर टाकीत नवा निळा मासा. काकांना खोदून विचारलं तर म्हणाले, पाहुण्यांसाठी आणला. माझ्यासाठी? मी कधी मागितला? हा माणूस साधा नाही, दादा. दाराला आतून खुर्ची लावलीय.

शनिवार

रात्रीतून निळाही गेला. खुर्ची जागच्या जागी होती. म्हणजे काका नाहीत.

काका जिथून मासे आणतात, त्या दुकानात मी गेले. दुकानदार आधी हसला. म्हणाला, अशा दगडातून कधीकधी किडा येतो, चांगला हातभर लांब, भोकात दडून बसतो आणि मासा आख्खाच्या आख्खा आत ओढतो. खायला मिळालं की वाढतच जातो. धंद्यात आम्ही त्याला पाहुणा म्हणतो.

मग हसणं थांबवून म्हणाला, तुमच्या काकांना केव्हाच सांगितलंय, दगड फेकून द्या. ते म्हणतात, काकूंना लळा लागलाय.

रविवार, सकाळ

पाहुण्यांचं. पाहुण्यांसाठी. मान देऊन बोललं की बाई का बुवा, कळतच नाही. मी आपली खुळ्यासारखी खूश.

आज काकू भिंतीपलीकडे म्हणाल्या, पाहुणा उपाशी आहे.

पाहुणा. मी असते तर पाहुणी म्हणाल्या असत्या.

काका म्हणाले, आता माशांनी त्याचं भागत नाही.

रविवार, दुपार

टॉर्च मारून बघितलं. दगडातलं मोठं भोक — माझी मूठ जाईल एवढं — रिकामं. झाकण एका कोपऱ्यात उचललेलं. आतून.

ओघळ आज ओला आहे —

थोड्या वेळाने

येतेय, दादा. घातली शेपूट. हस पोटभर. बॅग भरली. फक्त चपला — चपला पलंगाखाली आहेत. खाली वाकवत नाही. राहू देत. अनवाणीच निघते, तू काही बोलायच्या आत —

दार वाजतंय. काकू. लाडात येऊन विचारतायत —

जेवलीस का गं, असं नाही

जेवलास का रे, असं —