निखिलच्या पिकअपचा हौदा

शनिवार संध्याकाळ, टूवूंबा, ऑस्ट्रेलिया

आज निखिलची जिरवली. बरं वाटतंय, लपवू कशाला?

घटस्फोटात आमची जुनी अमेरिकन पिकअप त्याने घेतली, मी खपून उभी केलेली. मग चाकांवर बाहेर फुगलेल्या मडगार्डचा अरुंद हौदा काढून सपाट बाजूंचा रुंद हौदा बसवला. तशी रचना तर त्या मॉडेलनंतर काही वर्षांनी आली. आणि आज कार शोमध्ये म्हणे, "सगळं ओरिजिनल आहे."

मी परीक्षकांना एवढंच म्हटलं, "हौदा नीट बघा." गाडी बाद झाली.

नंतर तो पार्किंगमध्ये आला. "मीरा, तसा जुना हौदा आता कुठे मिळेल?"

"शोध की. नो वरीज."

त्याने विकलेला तो हौदा मीच दुसऱ्याकडून मिळवलाय. माझ्या गॅरेजमध्ये आहे. गंजून गेला तरी त्याला देणार नाही.