रुक्मिणीचे गोळे

पुणे

आईले पाया पडून नमस्कार.

मी मजेत हाओ. दोन टाइम पोटभर जेवतो, पगारबी वाढला. फोनवर आजूबाजूचे आयकतात, म्हनून लिवून राहिलो. रूपालीताईकडून वाचून घेजो. तुहे गुडघे कसे हायेत?

हाटेलात आपले कढी-गोळे लय चालून राहिले. ते कुठून आले, असं मालकानं इचारलं, तर मी खरं सांगतलं. आपली वांगी-भेंडी सारी बाळापूरच्या बाजारात जायची, घरी भाजी उरत नव्हती, म्हनून तू डाळ वाटून तिचे गोळे कढीत सोडायची. मालक हासला. "भाजी नव्हती, हे ऐकून कोण जेवेल?" म्हने. त्यानं जल्मात डाळ वाटली काय?

आता मेनूकार्डावर छापलं हाय, का रुक्मिणीनं वऱ्हाडात कृष्णासाठी हे गोळे पहिल्यांदा केले. मी फेटा बांधून टेबलाटेबलावर तेच सांगत फिरतो.

काल एका म्हाताऱ्या बाईनं गोळा खाऊन माह्या पाठीवर हात ठेवला. "हे तुला कोणी शिकवलं रे?"

मालक बाजूलेच उभा होता. आई, मी रुक्मिणीचं नाव सांगतलं.

तुहाच,
मंगेश