कॉम्प्युटरातली चाळीस मेंढरं

खुटबाव, ता. दौंड
रविवार, ११ मार्च २००१

तीर्थरूप हौसरावमामांना मल्हारचा खुटबावहून वाकून नमस्कार. (पत्रातून जेवढं वाकता येतं तेवढं वाकलोय, बाकीचं समक्ष.) मामींचा गुडघा कसा आहे ते कळवा. तुमच्या भांडगावच्या वस्तीवरची मेंढरं, कुत्री आणि माणसं सगळी खुशाल असतील अशी आशा आहे. (क्रम मुद्दाम तसा लावलाय. तुम्ही खुशाली सांगता ती ह्याच क्रमाने.) पत्र समृद्धी वाचून दाखवील हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर जरा सुवाच्य काढलंय. समृद्धी, बाळ, कंसातला मजकूर मनात वाचायचा, वडिलांना मोठ्याने ऐकवायचा नाही.

इकडे आई बरी आहे, पूनम बरी आहे, माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय आणि तुमचे दाजी, म्हणजे आमचे आबा, बोलायला लागलेत. ह्यातल्या शेवटच्या गोष्टीसाठीच पत्र लिहायला घेतलं. तुम्हाला आठवत असेल, चौऱ्याण्णव साली आमच्याकडे कालव्याचं पाणी आलं, चारी बाजूंनी ऊस उभा राहिला आणि मेंढरं चारायला पडीक रान उरलं नाही. आबांचे पाय दुखायचे. मेंढरं विकायचा हट्ट मीच धरला होता. व्यापाऱ्याचा टेम्पो भरून गेला तेव्हा तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात, "मल्हारी, म्हाताऱ्याची जीभ इकलीस तू." मला तेव्हा राग आला. पण त्यानंतर सात वर्षं आबा ओट्यावर बसून 'व्हय' आणि 'न्हाई' एवढंच बोलले. त्यातही 'न्हाई' जास्त.

तर झालं असं. दिवाळीनंतर मी सणसवाडीला गेलो होतो. तिथे माझा दोस्त बाळासो राहतो, खोल्या भाड्याने देतो. त्याच्याकडून कळलं की जवळच्या एका कारखान्याने ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात काढलेत आणि वजनावर देतायत. मी गेलो होतो टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बघायला, पण वजनावर कॉम्प्युटर म्हटल्यावर माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. तीन बंद कॉम्प्युटर घेतले. भाजीच्या रिकाम्या क्रेटांबरोबर ते टेम्पोत घातले आणि मी वर बसून राहूमार्गे घरी आणले. (एका खड्ड्यात क्रेट माझ्या डोक्यात आणि कॉम्प्युटर मांडीवर असा प्रवास झाला. मांडी अजून दुखते, पण ते मामींच्या गुडघ्यापुढे काही नाही.)

तिघांचे अवयव काढून मी एक धड कॉम्प्युटर उभा केला. पडदा काळा-पांढरा. सुरू झाला त्या दिवशी संध्याकाळी निम्मी आळी जमली, कारण आईने सगळ्यांना सांगितलं होतं की मल्हारने मोठा टीव्ही आणलाय. पडद्यावर एका कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ. एवढंच. लोक शांतपणे बसून त्या रेघेकडे बघत राहिले. शेजारच्या कस्तुराबाईंनी शेंगा आणल्या होत्या, त्या सगळ्यांनी खाल्ल्या. अर्ध्या तासाने कस्तुराबाईंनी विचारलं की मालिका कवा लागणार. मी म्हटलं, ह्याच्यात मालिका नसते, आपण सांगू ते हा करतो. मग त्या म्हणाल्या, सांगा की. आता काय सांगायचं ते मला कुठे येत होतं. मी एक बटण दाबलं, पडद्यावर अक्षर उमटलं. लोकांनी मान डोलावली आणि उठून घरी गेले.

पुढचं काम पूनमने हातात घेतलं. तुम्हाला माहीत आहे, ती आमच्या लग्नाआधी बारावी सायन्सला होती. दौंडच्या रद्दीच्या दुकानात तिला कॉम्प्युटरला हुकूम कसे द्यायचे त्याचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. पहिली वीस पानं फाटलेली. त्यामुळे सुरुवात कशी करायची ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही, आम्ही एकदम मधूनच सुरू करतो. पंधरा दिवसांत तिने पडद्यावर एक पांढरा ठिपका हलवला. बाणाचं बटण दाबलं की ठिपका त्या बाजूला जायचा. तिने ठरवलं की ह्याचा खेळ करायचा. मग ठिपका कशाचा, तर आपल्या घरात दुसरं काय सुचणार, मेंढराचा.

आबा ओट्यावरून आत पाणी प्यायला आले होते. तांब्या हातात तसाच धरून थांबले. हे काय, म्हणून विचारलं. पूनमने सांगितलं, मेंढरू आहे. आबा पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "मेंढरू असं सरळ रेघंत चालतं व्हय? आन् एकटंच कुठं निघालंय ते?"

मामा, सात वर्षांत त्यांनी विचारलेले हे पहिले तीन प्रश्न. आई चुलीपुढून उठून दारात आली.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळीच कॉम्प्युटरपुढे पाट घेऊन बसले आणि पूनमला शिकवायला लागले. एक हाललं की बाकीची त्याच्या मागं जात्यात. वारा आला की पाठ करत्यात. दुपारच्या उन्हात एकमेकाच्या पोटाखाली डोकी घालून घोळका करत्यात, तवा कितीबी हाका, हालत न्हाईत. पूनम एकेक ऐकायची, वहीत लिहायची आणि तसा हुकूम बनवायची. ठिपके चाळीस झाले. आबा म्हणाले, माझी निम्मी काळी होती, ती कुठायत? पूनमने समजावलं की पडदा काळा आहे, काळं मेंढरू त्यात दिसणार नाही. आबांनी विचार केला. "मंग काळी बी हायत म्हण. दिसत न्हाईत एवढंच." तेव्हापासून कळप ऐंशीचा धरतात.

मग लांडगा आला. लांडगा पूनमने घातला, कारण खेळात हरायची भीती पाहिजे असं पुस्तकात बहुधा फाटलेल्या पानात लिहिलं असावं. पण आबांनी तो खेळ म्हणून घेतलाच नाही. एक जरी मेंढरू गेलं तर ते जेवायला उठायचे नाहीत. पुन्हा पहिल्यापासून. एकदा भर दुपारी सगळा कळप पडद्यावरच्या ओढ्याच्या पल्याड, लांडगा चार बोटांवर, आणि वीज गेली. पडदा काळा. आबा उठून घराबाहेर गेले, विजेच्या डांबाकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, आबा, खेळ आहे, येईल वीज. ते म्हणाले, "वीज येईल रं. पर तवर मेंढरं कुणाच्या भरवशावर हायत?"

मीही त्यांच्याशेजारी डांबाकडे बघत उभा राहिलो. (सात वर्षांपूर्वी टेम्पोकडे असाच बघत होतो, पण ते असू दे.) पूनमने मात्र त्याच आठवड्यात वाघर केली. एक बटण दाबलं की सगळी मेंढरं पडद्यावरच्या जाळीत गोळा होतात, कॉम्प्युटर ती मोजून ठेवतो, आणि मग वीज जावो नाहीतर डांब पडो, परत सुरू केलं की कळप जिथल्या तिथे. आबांना इंग्रजी अक्षर वाचता येत नाही म्हणून तिने त्या बटणावर स्वतःची टिकली चिकटवली. आता विजेचा दिवा जरा पिवळा पडला की आबा टिकली दाबतात.

हे बाळासोला सांगितलं आणि तिथून खरी गडबड झाली. शिरूरला फेब्रुवारीत शेतीचं आणि विज्ञानाचं प्रदर्शन होतं. बाळासोने परस्पर आमचं नाव दिलं. फॉर्मवर 'विषय' ह्या रकान्यात त्याने लिहिलं: मेंढ्या. प्रदर्शनवाल्यांनी आमची जागा पशुसंवर्धन विभागात ठेवली. एका बाजूला खिलार बैल, दुसऱ्या बाजूला उस्मानाबादी बोकड. शिरूरच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्याने स्वतःचा कॉम्प्युटर वापरायला दिला, बिचाऱ्याने तीन दावणींवरून वायर ओढून आणली. आम्हाला फक्त खेळाची फ्लॉपी घेऊन जायची होती. फ्लॉपी म्हणजे चौकोनी चपटी डबी, तिच्यात सगळे हुकूम साठवलेले असतात. आबा, पूनम आणि मी एस.टी.ने निघालो. फ्लॉपी माझ्या पिशवीत.

त्याच पिशवीत एक लाऊडस्पीकरचा कर्णाही होता. न्हावऱ्याच्या एका मंडपवाल्याला द्यायचा होता आणि तो स्टँडवर आलाच नाही. शिरूरला पिशवी उघडली तर फ्लॉपी कर्ण्यामागच्या लोहचुंबकाला गोचिडासारखी चिकटलेली. मामा, मी पंधरा वर्षं स्पीकर दुरुस्त करतोय. चुंबकाजवळ फ्लॉपी ठेवली की ती पुसली जाते हे मी स्वतः दहा जणांना सांगितलंय. फ्लॉपी घातली, कॉम्प्युटर घरघरला आणि काही नाही म्हणाला. पूनमची वही घरी. परीक्षक दोन तासांत येणार. पूनमने माझ्याकडे फक्त बघितलं. बोकड तेवढा ओरडला.

मी म्हटलं, चला घरी जाऊ. आबांनी धोतर सावरलं, पूनमच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "माझी मेंढरं मला पाठ हायत. मी सांगतो, तू ल्ही."

आणि मामा, त्यांनी सांगितलं. पूनम एकेक ओळ आठवून टाइप करायची, अडली की आबा मेंढरं पुढे काय करतात ते सांगायचे, की तिला तो हुकूम आठवायचा. वारा, ऊन, घोळका, ओढा, वाघर. बघ्यांची गर्दी झाली. बैलवाले बैल सोडून आले. मेंढरांमागं हिंडलेली चारपाच म्हातारी माणसं पुढे सरकली आणि आबांच्या बोलण्यात भर घालायला लागली. त्यांच्यात वाऱ्यावरून थोडा वादही झाला. मी वायर धरून उभा होतो, कारण ती प्लगमधून निसटत होती. प्रदर्शनातली माझी कामगिरी एवढीच.

परीक्षक आले तेव्हा खेळ चालू झाला होता. घाईत पूनमकडून एका ठिकाणी अधिकऐवजी उणे पडलं होतं, त्यामुळे लांडगा मेंढरांना बघून उलटा पळायला लागला. मी वायर आणखी घट्ट धरली. परीक्षकांनी विचारलं, हे असं कसं? आबा शांतपणे म्हणाले, "राखणदार हाय न्हवं संगं." परीक्षकांनी ते लिहून घेतलं. कळप किती, तर ऐंशी, त्यातली चाळीस दिसत नाहीत. तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी आबांचं नाव पुकारलं. पशुसंवर्धन विभाग, मेंढीपालन, क्रमांक दुसरा. (पहिला बोकडाचा. त्याबद्दल तक्रार नाही, तो खराच देखणा होता.) आबा स्टेजवर गेले, प्रमाणपत्र घेतलं, खाली उतरले आणि एस.टी.त चौफुल्यापर्यंत अखंड बोलत होते. कंडक्टरला तिकिटं फाडता येईनात. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. डोळ्यात धूळ गेली असं पूनमला सांगितलं. खिडकी बंद होती.

आता क्लासवाल्याने खेळाच्या प्रती केल्यात. शिरूरमध्ये पोरं खेळतात, सणसवाडीत बाळासोच्या खोल्यांवरचे बिहारी कामगार पाळी संपली की 'भेड़वाला गेम' लावतात आणि आबांना निरोप धाडतात की चाचा, अडतीस बचाया. आबा उलट निरोप देतात, दोन कुठं गेली ती आधी हुडका.

असो. पत्र लांबलं. मामींना, समृद्धीला आणि वस्तीवरच्या सगळ्यांना आमची आठवण सांगा.

तुमचा भाचा,
मल्हार

ता. क. बक्षीस काय मिळालं ते लिहायचं राहिलं. मेंढ्यांना द्यायच्या जंताच्या औषधाच्या दोन बाटल्या आणि चाटायच्या मिठाची एक वीट. आबांनी त्या कॉम्प्युटरशेजारी मांडून ठेवल्यात. परवा त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "औषध हाय, मीठ हाय, शर्टिफिकेट हाय." आणि उठून घराशेजारच्या उसाकडे बघत उभे राहिले.

दुसरं ता. क. मामा, तुम्ही तेव्हा बोललात ते बरोबर होतं. हे सांगायला मला सात वर्षं आणि आठ पानं लागली. तुमच्या कळपातल्या दोन मेंढ्या द्याल का? चाऱ्याची काळजी करू नका, घराशेजारचा आपला ऊस तुटला की त्या तुकड्यात लसूणघास लावतो. मी मागितल्या असं आबांना कळू देऊ नका. तुम्हाला जड झाल्या म्हणून आणल्या असं सांगा.

तिसरं ता. क. मामांना पूनमचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. ऊस तुटायची वाट बघू नका, तो तुकडा आबांनी कालच तोडायला सांगितलाय. आणि दोन पाठवू नका, चार पाठवा. दोघींना करमत नाही, असं आबांनी मला आत्ताच शेजारी बसून सांगितलंय. त्यातल्या दोन काळ्या असाव्यात.