एस्टिल, ती टर नव्हती

प्रिय एस्टिल,

लॉर्ना सांगत होती, तू बँजो पेटीत बंद करून ठेवला आहेस आणि धड जेवतही नाहीस. आपली लेक तुझ्यावरच गेली आहे. फोनवर रडते आणि वर म्हणते, "काही नाही गं ममा, सर्दी झालीय."

त्या दिवशी मेळ्यात मीही होते, अगदी मागे, तुला दिसणार नाही अशी. तू पहिली ओळ गायलास आणि थांबलास. लोकांनी तीच ओळ संथ लांबवत तुझ्यामागून म्हटली आणि गप्प झाले. तू पुन्हा तीच गायलास, त्यांनी पुन्हा म्हटली. मग तू उतरून गेलास. लॉर्नाला म्हणालास, "माझ्याबरोबर खाणीत राबलेल्या माणसांनीच माझी टर उडवली!"

टर नव्हती रे. तुमच्या डोंगरातल्या चर्चमध्ये प्रत्येकाच्या हाती पुस्तक कुठलं? एकाने ओळ द्यायची, बाकीच्यांनी उचलायची. तुझे वडीलच द्यायचे ना? लोकांना वाटलं, आज एस्टिल आपल्याकडून तसंच गाऊन घेतोय. ते पुढच्या ओळीची वाट बघत होते. माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "हुबेहूब बाप!"

लग्नानंतर मी पहिल्यांदा तुमच्या चर्चमधलं ते गाणं ऐकलं, तेव्हा कोण गेलं म्हणून विचारलं होतं. तू केवढा हसलास! "अगं कॉन्व्हेंटवाले, आमची आनंदाची गाणीसुद्धा अशीच रडतात." सिस्टर लोकांनी मला पियानो शिकवला, पण गाणं तुझ्यामुळे कळलं. संपात तू खाणीच्या फाटकापाशी गायचास, तेव्हा मी कॉफीची किटली घेऊन उभी असायचे. मग न्यूयॉर्क झालं, तुझा चेहरा छापलेली गाण्यांची तबकडी निघाली, आणि मी लॉर्नाला कडेवर घेऊन हॅझर्ड गावातल्या आपल्या घरी रेडिओ लावून बसायचे. पुढे लोकांना दुसरी गाणी आवडू लागली. तू मात्र शाळांची सभागृहं, वाचनालयं, कुणी बोलावेल तिथे जात राहिलास. सिनसिनाटीत बर्फामुळे जेमतेम मूठभर लोक आले, तरी सगळा कार्यक्रम केलास. मी चिडले, तर म्हणालास, "आले ते गाणं ऐकायला आले, खुर्च्या मोजायला नाही." आपण भांडून वेगळे झालो नाही, एस्टिल. दमून झालो. अजूनही दमलेलीच आहे मी, पण वाचनालयात तुझं नाव कुणी घेतलं की मान आपोआप वळते.

कठीण गोष्ट फोनवर सांगू नये, समोरच्याला पुन्हा वाचता यायला हवी, असं सिस्टर अगाथा म्हणायच्या. म्हणून लिहिते आहे. वसंतात इस्पितळात तुझ्या तपासण्या झाल्या, त्यांचा निकाल डॉक्टरांनी लॉर्नाला सांगितला. तिने तुला "थकवा आहे" म्हटलं, कारण खरं सांगायला तिची जीभ रेटेना. हा थकवा नाही, एस्टिल. विसरणं वाढत जाणार आहे. आधी गाण्यांचे शब्द, मग रस्ते, मग कदाचित आम्ही. शनिवारच्या कार्यक्रमाला जाऊ नकोस. आयोजकांना मी कळवलं आहे, तू रागावशील हे धरूनच. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. गुरुवारी लॉर्ना मला तुझ्याकडे सोडणार आहे. एक बॅग आणते आहे, हिवाळ्याचे कपडेही त्यातच घेतले आहेत. मागची खोली रिकामी करून ठेव.

तुझीच, कागदोपत्री नसले तरी,
बर्नडिन